मद्यमुक्तांची बैठक

दारूचें व्यसन जडलेल्या माणसाला मदत करावयाची म्हटली कीं घरांतल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें साधारणतः तीनच मार्ग येतात : देवाची शपथ, डॉक्टरचें औषध आणि सरकारचा कायदा. या तिन्ही मार्गांची योग्यता ज्याच्या त्याच्या जागीं आहे. परंतु गेल्या नव्वद वर्षांत एक चौथा मार्ग जगभर रुळला आहे, आणि त्याची नीट माहिती सुशिक्षित घरांतूनहि फारशी आढळत नाहीं. दारू सोडलेल्या व सोडूं पाहणाऱ्या माणसांनीं ठराविक वेळीं एकत्र बसावें आणि एकमेकांना सांभाळावें, एवढाच तो मार्ग. तेथें उपदेशक नसतो, वैद्य नसतो आणि फीहि नसते. ही बैठक कशी चालते, ती कोठें सांपडते आणि शहरापासून दूर राहणाऱ्या माणसानें तिच्यापर्यंत कसें पोंचावें, हा या भाषणाचा विषय आहे.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत सिहोरा हें गांव आहे. वैनगंगा आणि बावनथडी या नद्यांच्या आसपासचा हा मुलूख धानाचा. जवळच चांदपूरचा जलाशय व तेथील हनुमंताचें देवस्थान. थोडें पुढें गेलें कीं मध्यप्रदेशाची हद्द. उन्हाळ्याच्या तोंडाशीं रानांत मोहाचीं फुलें गळूं लागतात, आणि त्या फुलांची दारू गाळण्याची रीत पूर्व विदर्भांत फार जुनी आहे. तिच्या जोडीला आतां दुकानांतील बाटली आली आहे. अशा गांवचा एक मनुष्य कल्पावा. वय चाळिशीचें, तीन-चार एकर धान, एक भाऊ नागपुरास नोकरीला. त्याचें पिणें सुरू झालें तें रोवणी आटोपल्याच्या आनंदांत आणि लग्नाच्या वरातींत. आतां सकाळीं हात कांपूं नयेत म्हणून त्याला प्यावी लागते. बायकोनें मुलांच्या डोक्यावर हात ठेवावयास लावून शपथ घेवविली, ती मोडली. एका कार्तिकींत गळ्यांत माळ घातली, ती चार महिन्यांनीं उतरली. भाऊ नागपुराहून फोन करतो, रागावतो आणि शेवटीं उसनवारी फेडण्यासाठीं पैसे पाठवितो.

हा मनुष्य दुष्ट नाहीं आणि खोटाहि नाहीं. शपथ घेतांना तो ती अगदीं मनापासून घेत असतो. मग ती मोडते कां? वर्षानुवर्षें रोज मद्य पोटांत जाऊं लागलें कीं मेंदू आपला सारा व्यवहार त्या मद्याच्या हिशेबानें जुळवून घेतो. मग दारू हें सुखाचें साधन उरत नाहीं. ती न मिळाल्यास शरीर बंड करून उठतें. हें बंड शमल्यावरहि ओढ राहतेच. जुना सोबती भेटला, ठराविक वेळ झाली, घरांत भांडण झालें, कीं ती जागी होते. शपथ एकदांच घेतलेली असते, ओढ मात्र रोज येते. त्यांतून शपथ जन्मभराची असते, आणि जन्मभराचें ओझें एका संध्याकाळीं उचलावयाचें म्हटलें तर कोणाचेंहि मन खचतें. पहिला पेला पोटांत गेल्यावर पुढचे पेले त्याच्या हातीं राहत नाहींत. म्हणून सारा लढा त्या पहिल्या पेल्याशीं आहे, आणि तो लढा त्या माणसाला एकट्यानें, लाजेनें मान खालीं घालून द्यावा लागतो.

ही गोष्ट एका गांवाची नाहीं, तशीच ती केवळ गरिबांच्या वस्तीचीहि नाहीं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीनें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणें भारतांत मद्य घेणारे सुमारें १६ कोटि लोक असून, त्यांपैकीं ज्यांना त्या पिण्यापायीं मदतीची गरज आहे असे ५ कोटि ७० लाखांच्या वर आहेत. त्याच पाहणींत असें दिसून आलें कीं, मद्याच्या आहारीं गेलेल्या दर ३८ जणांमागें अवघ्या एकालाच कोणत्याहि स्वरूपाचे उपचार मिळालेले असतात. उरलेले सदतीस गांवांतहि आहेत आणि शहरांतल्या सजवलेल्या दिवाणखान्यांतहि आहेत. दिवाणखान्यांतल्यांना पडदा जरा जाड मिळतो, इतकेंच.

या चौथ्या मार्गाचा उगम अमेरिकेंत झाला. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारांतला मनुष्य दारूपायीं धुळीस मिळाला होता. १९३४ च्या डिसेंबरांत त्यानें दारू सोडली. पुढें १९३५ च्या मे महिन्यांत तो व्यवसायाच्या कामासाठीं ओहायो प्रांतांतील अॅक्रन गांवीं गेला. काम फसलें. परक्या गांवांत, हॉटेलच्या दालनांत तो एकटाच उभा होता आणि पलीकडून मद्यगृहांतला हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. त्या क्षणीं त्याला सुचलें तें असें कीं, स्वतःला वांचवावयाचें असेल तर दुसरा एखादा पिणारा गांठून त्याच्याशीं बोललें पाहिजे. त्यानें गांवच्या धर्मगुरूंना फोन लावले आणि त्या धाग्यानें त्याची भेट डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शल्यवैद्याशीं झाली. हा डॉक्टरहि दारूपुढें हतबल झालेला होता. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेला डॉक्टर रात्रीं उशिरापर्यंत बसून राहिला. कारण आलेला पाहुणा त्याला उपदेश करीत नव्हता. तो स्वतःची हकीकत सांगत होता आणि मदत मागत होता. त्याच वर्षीं १० जून रोजीं डॉक्टर स्मिथनें आपला शेवटचा पेला घेतला. तोच ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेचा, म्हणजे सर्वत्र ‘ए. ए.’ या दोन अक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या बंधुमंडळाचा, स्थापनादिन मानतात.

त्यापूर्वींहि असे प्रयत्न झाले होते. १८४० सालीं बाल्टिमोर शहरांत सहा पिणाऱ्या सोबत्यांनीं एकत्र येऊन दारू सोडली आणि ‘वॉशिंग्टोनियन’ नांवाची चळवळ उभी केली. थोड्याच वर्षांत तिचा बोलबाला देशभर झाला. परंतु दारूबंदीच्या राजकारणांत आणि इतर सुधारणांच्या वादांत ती चळवळ ओढली गेली आणि दहा वर्षांच्या आंत जवळजवळ विरून गेली. ए. ए. नें पुढें जे नियम घालून घेतले त्यांत हा धडा स्पष्ट दिसतो. ही संघटना कोणत्याहि सार्वजनिक वादांत पक्ष घेत नाहीं. दारूबंदीच्या बाजूनें नाहीं आणि विरुद्धहि नाहीं. ती बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीं. सभासद स्वखुषीनें जें टाकतील त्यावरच तिचा खर्च चालतो. सभासद होण्यास एकच गोष्ट लागते, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. १९३९ सालीं तिचें मुख्य पुस्तक निघालें तेव्हां सभासद शंभराच्या आसपास होते. आज सुमारें १८० देशांत तिचीं मंडळें आहेत. भारतांत तिचें काम १९५७ पासून चालू आहे, तिचें मध्यवर्ती कार्यालय मुंबईंत आहे, आणि मराठींतूनहि तिच्या बैठकी चालतात.

आतां बैठकीचें स्वरूप पाहूं गेल्यास तें इतकें साधें असतें कीं नवख्याची निराशाच व्हावी. जागा बहुधा शाळेची एखादी खोली, चर्चचें सभागृह किंवा दवाखान्यांतील रिकामी खोली. दहा-वीस खुर्च्या, चहाचे पेले, भिंतीवर कांहीं वाक्यांचे फलक. वेळ तास-दीड तासाची, आणि पुष्कळ ठिकाणीं संध्याकाळची, कारण पिणाऱ्याची खरी कसोटी संध्याकाळींच असते. सभासदांपैकींच एक जण त्या दिवसापुरता अध्यक्ष होतो. आरंभीं संघटनेचा हेतु वाचून दाखवितात. मग एकेक जण आपलें पहिलें नांव सांगतो, आपण मद्यपी आहोंत हें स्वच्छ शब्दांत सांगतो आणि बोलूं लागतो : पूर्वीं काय होतें, काय घडलें आणि आतां कसें आहे. दुसऱ्याच्या बोलण्यांत कोणी मध्यें तोंड घालीत नाहीं, कोणी सल्ला देत नाहीं, कोणी न्यायनिवाडा करीत नाहीं. ज्याला बोलावयाचें नसेल त्यानें नुसतें ऐकावें. त्यालाहि मुभा असते. शेवटीं एक पेटी किंवा टोपली फिरते. त्यांत टाकलेल्या पैशांतून जागेचें भाडें आणि चहा भागतो. नवख्यानें कांहीं टाकलेंच पाहिजे असें नाहीं.

बैठकी दोन प्रकारच्या असतात. ‘खुल्या’ बैठकीला घरचीं माणसें, डॉक्टर, विद्यार्थी किंवा नुसता जिज्ञासूहि जाऊं शकतो. ‘बंद’ बैठक फक्त ज्याला स्वतःला दारूची अडचण आहे त्याच्यासाठीं असते. पहिल्या खेपेस कोणी नातलग सोबत जाणार असेल तर बैठक खुली आहे कीं बंद, हें आधीं विचारून घ्यावें. नाहींतर दारांतून परत फिरण्याची पाळी येते आणि नवख्याला तेवढें निमित्त पुरतें.

या साधेपणांत जी शक्ति आहे तिचीं कारणें तपासण्याजोगीं आहेत. पहिलें कारण असें कीं, पिणाऱ्याला घरांतलें, गांवांतलें सारें जग शहाणपण शिकवीत असतें. येथें मात्र त्याच्यापुढें त्याच्याहून खोल बुडालेला आणि तरीहि वर आलेला मनुष्य बसलेला असतो. त्या माणसापुढें सबबी चालत नाहींत, कारण त्या सर्व त्यानें स्वतः वापरलेल्या असतात. दुसरें कारण म्हणजे हिशेब फक्त आजच्या दिवसाचा. जन्मभराची भाषाच काढावयाची नाहीं. आजचा दिवस पहिला पेला घ्यावयाचा नाहीं, उद्यांचें उद्यां. तिसरें, रिकामी पडलेली संध्याकाळ आणि तुटलेले सोबती यांची जागा भरून निघते. चौथें कारण सर्वांत खोल आहे : अॅक्रनच्या त्या संध्याकाळपासून आजपर्यंत असा अनुभव आहे कीं, दुसऱ्याला हात देणारा स्वतः अधिक घट्ट उभा राहतो. कालपर्यंत ज्याला सर्वांनीं ओंवाळून टाकलें होतें, त्याचीच हकीकत दुसऱ्याच्या कामीं येते.

बैठकीच्या पलीकडे ‘बारा पायऱ्या’ म्हणून एक क्रम आहे. दारूपुढें आपली सत्ता चालत नाहीं ही कबुली त्याच्या आरंभीं येते. पुढें आपल्या दोषांची प्रामाणिक यादी, ती दुसऱ्या एका माणसापुढें मोकळेपणानें सांगणें, ज्यांचें नुकसान केलें त्यांची शक्य तेवढी भरपाई, आणि शेवटीं दुसऱ्या पिणाऱ्याला मदत, असा तो चढत जातो. या पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, आणि तो वाचून कित्येक सुशिक्षित माणसें बिचकतात. परंतु त्याचा अर्थ ज्यानें त्यानें आपल्या समजुतीप्रमाणें लावावयाचा असतो. भाविकाला तो आपल्या दैवतांत सांपडतो, नास्तिक त्या मंडळालाच आपल्याहून मोठी शक्ति मानून चालतो. ही चढण चढतांना अनुभवी सभासदाला आपला मार्गदर्शक नेमण्याची पद्धति आहे. त्याला सभासद ‘स्पॉन्सर’ म्हणतात. रात्रीं अकरा वाजतां ओढ अनावर झाली तर फोन करावयाचा तो यालाच. सर्वसाधारण रिवाज असा कीं पुरुषाचा स्पॉन्सर पुरुष आणि स्त्रीची स्त्री असावी.

विदर्भांतल्या माणसाला ही कल्पना सर्वस्वीं परकी वाटावी असें नाहीं. तुकडोजी महाराजांनीं सामुदायिक प्रार्थनेच्या निमित्तानें गांवोगांवच्या लोकांना संध्याकाळीं एकत्र बसावयाची संवय लावली, आणि व्यसनमुक्तीचा प्रचार त्यांच्या कार्याचा एक भागच होता. वारकऱ्याची माळ टिकते तीहि दिंडीच्या जोरावर. माळेबरोबर जो सत्संग येतो तो सुटला कीं माळहि जड होते. सिहोऱ्याच्या त्या माणसाची माळ उतरली, ती भक्ति खोटी होती म्हणून नव्हे. तिच्याभोंवतीं आपलीच व्यथा असलेलीं माणसें त्याला मिळालीं नव्हतीं.

महाराष्ट्रांत या विचाराला वैद्यकीय उपचारांची जोड देण्याचें एक मोठें काम पुण्यास झालें. २९ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. तेथें राहून उपचार घेऊन गेलेल्यांसाठीं ठिकठिकाणीं पाठपुराव्याच्या बैठकी भरतात, आणि व्यसनी माणसांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ हा निराळा गट आहे. केंद्रांत माणूस कांहीं आठवडे राहतो, घरीं मात्र त्याला जन्म काढावयाचा असतो. केंद्रांतून सुटल्यानंतरचे पहिले महिने सर्वांत निसरडे, आणि त्याच महिन्यांत बैठकीचा हात धरणें सर्वांत जरूर असतें.

आतां प्रश्न येतो तो बैठक शोधण्याचा. मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांत हें काम सोपें आहे. ए. ए. च्या मुंबईंतील कार्यालयाला किंवा तिच्या संकेतस्थळावर विचारलें असतां जवळच्या मंडळाचें ठिकाण, वार व वेळ समजते. विचारणाऱ्यानें पूर्ण नांव सांगावें अशी अपेक्षा नसते. सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क फोनसेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. मनाच्या कोणत्याहि आजाराविषयीं सल्ला देणारी ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. याखेरीज जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभाग, नोंदणीकृत व्यसनमुक्ति केंद्र आणि पूर्वीं दारू सोडलेला एखादा ओळखीचा मनुष्य, हींहि पत्ता लागण्याचीं ठिकाणें आहेत. मिळालेली वेळ जुनी असूं शकते, म्हणून निघण्यापूर्वीं एकदां फोन करून खात्री करून घ्यावी.

सिहोऱ्याच्या माणसापुढें अडचणी निराळ्या आहेत. पहिली अंतराची. संध्याकाळची बैठक शहरांत असेल तर परतीची गाडी मिळेल कीं नाहीं, याचा विचार त्याला आधीं करावा लागतो. शहरांतल्या नवख्याला अनुभवी सभासद सांगतात कीं पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद बैठकी कर. खेड्यांतल्याला तें शक्य नाहीं आणि तसा हट्टहि नसावा. त्याला चालण्यासारखी तोड अशी : पंधरवड्यांत किंवा महिन्यांत एकदां शहरांतील बैठकीला प्रत्यक्ष जावें, एका रात्रीचा मुक्काम भावाकडे करावा, आणि मधल्या दिवसांत फोनवरून स्पॉन्सरशीं बोलावें. २०२० च्या महामारींत बैठकी बंद पडल्या तेव्हां त्या इंटरनेटवरून भरूं लागल्या, आणि पुढेंहि पुष्कळ ठिकाणीं ती सोय कायम राहिली. हातांत साधा स्मार्टफोन असेल तर मराठी किंवा हिंदी बैठकींत धानाच्या बांधावर बसूनहि भाग घेतां येतो. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत, जेव्हां हातांत मजुरीचा पैसा खेळतो आणि अंग दुखत असतें, तेव्हां हा आधार विशेष उपयोगीं पडतो.

दुसरी अडचण लाजेची. लहान गांवांत कोण कोठें गेला हें तिसऱ्या दिवशीं सर्वांना कळतें. येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. भररस्त्यांत पडलेला मनुष्य सर्वांनीं पाहिलेला असतो. त्याचें पिणें हें गुपित कधींच नसतें. लाज वाटते ती सोडण्याची, कारण ती फसली तर लोक हंसतील. म्हणूनच त्या संघटनेच्या नांवांतच ‘अनामिक’ हा शब्द आहे. बैठकींत कोण दिसला आणि काय बोलला, हें बाहेर काढावयाचें नाहीं, हा तेथील पहिला धर्म. ज्याला फारच संकोच वाटत असेल त्यानें आरंभीं आपल्या तालुक्यापासून दूरची बैठक निवडावी. स्त्रियांना हा संकोच दुप्पट असतो. पुरुषाच्या पिण्याला गांव हंसतो, स्त्रीच्या पिण्याला शिक्षा करतो. त्यांच्यासाठीं फक्त स्त्रियांच्या बैठकी आणि इंटरनेटवरील बैठकी हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

बैठकीला जाण्यापूर्वींची एक गोष्ट मात्र अत्यंत महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास जीवावर बेततें. पुष्कळ वर्षें रोज व भरपूर पिणाऱ्यानें दारू एकाएकीं, एकट्यानें, घरांत कोंडून घेऊन सोडूं नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारणतः सहा ते चोवीस तासांत हात कांपणें, घाम, उलट्या, झोप उडणें सुरू होतें. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊं शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कांहींना भ्रम होतो : नसलेलीं माणसें दिसतात, ताप चढतो, भान सुटतें. खेड्यांत याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि मोलाचे तास वायां जातात. ही बाधा नसून शरीराचें बंड आहे, व त्यावर डॉक्टरांपाशीं खात्रीचीं औषधें आहेत. सिहोऱ्याच्या माणसाला तुमसरचें उपजिल्हा रुग्णालय किंवा भंडाऱ्याचें जिल्हा रुग्णालय गांठतां येतें. बैठक ही या उपचारांच्या जागीं येणारी गोष्ट नाहीं. उपचारांनंतर ती त्यांना टिकवून धरते.

तसेंच रोग्याच्या नकळत भाजींत किंवा चहांत कालवून देण्याच्या ‘दारू सोडविणाऱ्या’ औषधांपासूनहि दूर राहावें. डायसल्फिरॅम नांवाचें औषध १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्यें प्रचारांत आलें. तें पोटांत असतांना दारू घेतली तर छातींत धडधड, उलट्या आणि रक्तदाब उतरणें असे प्रकार होतात. प्रसंगीं प्राणहि जातो. रोग्याची संमति आणि डॉक्टरची देखरेख यांवांचून तें देणें म्हणजे त्याच्या जीवाशीं खेळ आहे. माणसाला घरांतून उचलून नेऊन मारहाणीनें दारू सोडवूं म्हणणाऱ्या केंद्रांनाहि पैसे देऊं नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें व्यसनाच्या रोग्यालाहि हक्क दिलेले आहेत, आणि केंद्राची नोंदणी आहे कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार घरच्यांना आहे.

घरच्या माणसांचाहि येथें स्वतंत्र विचार केला पाहिजे. नागपूरचा भाऊ उसनवारी फेडतो तें प्रेमानेंच. बायको ‘ताप आलाय’ म्हणून सांगून त्याची गैरहजेरी झांकते तीहि अब्रूसाठींच. पण दारूमुळें होणारें नुकसान असें दर खेपेला दुसऱ्यानेंच सोसलें तर तें पिणाऱ्याच्या नजरेसच पडत नाहीं. बिल विल्सनची पत्नी लोइस हिनें १९५१ सालीं ‘अल्-अॅनॉन’ ही घरच्यांची संघटना स्थापन केली, ती याच अनुभवांतून. तिच्या बैठकींत माणसें शिकतात तें असें कीं, दुसऱ्याचें पिणें आपण लावलें नाहीं आणि आपल्या रडण्यानें तें थांबणारहि नाहीं. मात्र आपलें वागणें आपल्या हातीं आहे. पिणारा बैठकीला जावयास तयार नसेल तर घरच्यांनीं थांबून राहूं नये. त्यांनीं स्वतः जावें. घरांतला एक मनुष्य शांत झाला कीं घरांतील बोलण्याचा सूर बदलतो, आणि कित्येकदां तोच बदल पिणाऱ्याला दारापर्यंत आणतो. मारहाण होत असेल तर मात्र आधीं स्वतःचें व मुलांचें रक्षण, बैठक नंतर.

या पद्धतीनें खरोखर गुण येतो काय? पुष्कळ दिवस याचें उत्तर केवळ अनुभवाचें होतें. २०२० सालीं कॉक्रेन या संशोधनसंस्थेनें २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत १०,५६५ माणसें होतीं. ए. ए. आणि तिच्या बैठकींकडे वळविणारे पद्धतशीर उपचार हे दारू संपूर्ण सुटण्याच्या बाबतींत इतर मान्य मानसोपचारांहून सरस ठरले, असा त्याचा निष्कर्ष निघाला. याचा अर्थ प्रत्येकाला गुण येतो असा नव्हे. पुष्कळ जण दोन-चार बैठकींनंतर येईनासे होतात, कांहींना ती रीतच मानवत नाहीं. त्यांनीं समुपदेशन आणि औषधोपचार यांचा आधार घ्यावा. एका मंडळांत मन रमलें नाहीं म्हणून सारी पद्धतच टाकून देणें मात्र घाईचें होईल. प्रत्येक मंडळाचा स्वभाव निराळा असतो. म्हणून पांच-सहा बैठकी, शक्य तर दोन निरनिराळ्या मंडळांत, करून पाहाव्या आणि मग ठरवावें. मध्यें पाय घसरलाच तर परत जाण्यास लाजूं नये. घसरून परत आलेल्याला तेथें कोणी जाब विचारीत नाहीं. त्याला खुर्ची देतात आणि चहा देतात.

राहिला कायदा. पूर्व विदर्भानें दारूबंदीचे प्रयोग जवळून पाहिले आहेत. गडचिरोली जिल्ह्यांत ती १९९३ सालीं आली. चंद्रपुरांत २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. गांवांतील स्त्रियांनीं मतदान करून ‘आडव्या बाटली’च्या बळावर दुकान बंद करण्याची तरतूदहि महाराष्ट्रांत आहे, आणि तिचा उपयोग ठिकठिकाणीं झालेला आहे. दुकान दूर गेलें कीं नव्या पोरांचें पाऊल तिकडे कमी वळतें, हें खरें. परंतु ज्याचें शरीर दारूवांचून चालतच नाहीं, त्याला दुकान बंद झाल्याच्या दिवशीं उपचार आणि सोबत यांची सर्वांत अधिक गरज लागते. बंदीचा ठराव करणाऱ्या गांवानें त्याच सभेंत हीहि व्यवस्था लावली तर दोन्ही कामें एकमेकांना पूरक होतील.

ही व्यवस्था लावण्यास फारसें भांडवल लागत नाहीं. ए. ए. च्या रीतीप्रमाणें दारू सोडूं पाहणारीं दोन-तीन माणसें एकत्र बसलीं आणि त्यांचा दुसरा कोणताहि पक्ष नसला, तर तेंच एक मंडळ झालें. त्याला इमारत लागत नाहीं आणि उद्घाटनहि लागत नाहीं. शाळा सुटल्यावरची एक खोली, आठवड्याचा एक ठरलेला वार, मुंबईहून मागविलेलीं मराठी पुस्तकें आणि शहरांतील जुन्या मंडळाचा एखादा अनुभवी सभासद पहिले कांहीं महिने येऊन बसला म्हणजे पुरे. अट एकच : ठरलेल्या वारीं दार उघडलें गेलेंच पाहिजे, मग येणारा एक असो वा नसो.

सिहोऱ्याच्या त्या माणसाला असें एखादें मंडळ मिळालें, तर तो जन्मभर पिणार नाहीं असें कोणीहि लिहून देऊं शकत नाहीं. तेथील मंडळी तशी हमी मागतहि नाहींत. त्याच्या नागपूरच्या भावानें मात्र पुढच्या खेपेस उसनवारीचे पैसे पाठविण्याऐवजीं बैठकीचा वार आणि वेळ विचारून ठेवावी, आणि गाडीवर त्याला उतरून घ्यावयास स्वतः जावें. पहिल्या दिवशीं त्या दारापर्यंत बरोबर चालणारा कोणी तरी असावा लागतो. आंत गेल्यावर सोबतीला माणसें आहेत.